छत्रीची रायफल

जेवणाच्या टेबलावर बाबांनी घरातली काळी छत्री आडवी ठेवली आणि जाहीर केलं, की ही आदर्श रायफल. आता सांगा, हिला काय काय हवं.

बाबा म्हणजे काही साधी असामी नव्हे. पायदळाच्या रायफली ज्या कचेरीत कागदावर जन्माला येतात, तिथले ते मुख्य डिझायनर. मुलगा त्याच पायदळात शिपाई, बर्फातल्या एका चौकीवर. तो आज सकाळीच सुट्टीवर आला होता आणि सोबत एका दोस्तालाही घेऊन आला होता, कारण दोस्ताची पुढची गाडी उद्याची होती. या दोस्ताचं कुजबुजणंसुद्धा शेजारपाजारी ऐकू जाई, म्हणून पलटणीत त्याला सगळे भोंगा म्हणत.

भोंग्याने चष्म्याचं घर रबरबँडने छत्रीला बांधलं. ही झाली दुर्बीण. मग खाली टॉर्च आला, टोकाला काटा खोचून संगीन झाली, दोन चमचे तिरपे लावून टेकू झाला. आईने कपाळाला हात लावला आणि निदान भाजीचं भांडं तरी युद्धातून वाचवलं. भोंग्याचं म्हणणं, चहाचा थर्मास अडकवायला एक आकडा हवाच. आणि जमलंच तर रायफलीने पहारासुद्धा स्वतःच द्यावा, म्हणजे आम्ही झोपायला मोकळे. मुलगा पोट धरधरून हसत होता.

बाबाही हसत होते, पण जीव टांगणीला लागलेला. हा सगळा खेळ त्यांनी एका प्रश्नासाठी मांडला होता आणि तोच मेला तोंडातून बाहेर पडत नव्हता. सध्याच्या रायफलीतला बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा पोलादी दांडा, त्यांनीच हट्टाने केसभर घट्ट बसवायला लावला होता. का, तर नेम अचूक लागावा. चाचणीच्या उबदार खोलीत तो अगदी अलगद सरकायचा. बर्फात तेल थिजतं, हे तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. गेल्या महिन्यात तक्रारी आल्या, की थंडीत बोल्ट अर्ध्यातच अडकतो. तेव्हापासून बाबांना अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी छत्रीच्या मुठीशी चाळा करत ते म्हणाले, की पहिली गोष्ट म्हणजे ती अडकता कामा नये.

मुलाचं हसू मावळलं. पाणी आणतो म्हणून तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. बाबा त्याच्या मागोमाग.

"तुझी अडकली होती?"

"हो, बाबा. अडकली."

मुलाने नळ मोठा सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, आणि हळूहळू सांगायला लागला. धुकं दाटलं होतं. चौकीखालच्या चढावरून कुणीतरी वर येत होतं. त्याने परवलीचा शब्द विचारला. उत्तर नाही. पुन्हा ओरडून विचारला. तरी नाही. मग त्याने नेम धरला आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. बोल्ट अर्ध्यात. तो हिसडे मारत असतानाच खालचा माणूस दगडाला ठेचकाळला आणि त्याने एक कचकचीत शिवी हासडली.

"भोंगा होता, बाबा. पाणी आणायला गेलेला, वाट चुकून भलतीकडून वर आला. कानटोपीत त्याला काही ऐकूच आलं नाही." मुलाने दाराबाहेर एक नजर टाकली. "त्याला यातलं काही माहीत नाही. तुम्हीही कधी सांगू नका."

बाबांना एकदम हायसं वाटलं. उद्या कचेरीत जाऊन पहिल्यांदा तो बोल्ट ढिला करून घ्यायचा होता, त्यात सूट नव्हती. पण आत्ता त्यांनी मुलाला छातीशी ओढलं आणि तसंच धरून ठेवलं. आईने बाहेरून विचारलं, की सगळी टाकी रिकामी करताय की काय. तेव्हा कुठे नळ बंद झाला.

दोघे बाहेर आले तर भोंगा फोनवर. हो आई, जेवतोय. हो, पोटभर. नाही, लाजत नाहीये. मग त्याने फोन बाबांपुढे धरला, आईला तुमच्याशी बोलायचंय म्हणाला.

तिचा आवाजही लेकासारखाच खणखणीत होता. किती महिन्यांनी पोरगं असं मोकळं हसताना ऐकलं, म्हणाली. उद्या घरी पोचेल, दारात बघेन त्याला.

"तुमचे उपकार मी कसे फेडू, भाऊ?"

बाबांनी भोंग्याकडे पाहिलं. तो तिसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

"उपकार कसले, ताई," ते म्हणाले. "माझ्या हातून चुकून झालं."

ती मनापासून हसली. म्हणाली, इतकी साधी माणसं हल्ली भेटतात कुठे.