वाचलेली पुस्तकं

"पहिलं पान कुठंय?"

दार उघडल्या उघडल्या बाहेर उभ्या असलेल्या बाईंनी पुस्तक त्या घरच्या सुनेच्या नाकासमोर धरलं. बाई निवृत्त शिक्षिका होत्या, पण निवृत्त झाल्या होत्या त्या शाळेतून, स्वभावातून नव्हे.

"पहिलं पान नाही, असं मी ऑनलाइन टाकतानाच लिहिलं होतं," सून म्हणाली. "परत करायचंय का?"

"परत करायचं असतं तर पोस्टाने पाठवलं असतं. पार्सलवर तुझा पत्ता दिसला, म्हणून एवढे जिने चढून आलेय."

"कोण आलंय गं, आगलावे?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"पुस्तकाचं गिऱ्हाईक आहे, आई."

बाईंच्या भुवया वर गेल्या. सुनेला त्याचं काही वाटलं नाही. मेलं कोंबडं आगीला भीत नाही, तशी ती आता या नावाला ओ देत होती.

खालच्या गल्लीत त्यांची लायब्ररी होती, पुस्तकांची आणि सिनेमांच्या डिस्कची. सकाळी सासूबाई बसायच्या, संध्याकाळी सून. मागच्या खोलीत विजेच्या शेगडीवर खळ गरम करून ती उसवलेली पुस्तकं चिकटवायची. एका रात्री सगळं जळून खाक झालं. हिने शेगडी चालू ठेवली, असं नवऱ्यानेच सगळ्यांना सांगितलं. बटण बंद केल्याचं तिला पक्कं आठवत होतं. पण उठता-बसता तेच ऐकून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. विम्याचे पैसे आले, त्यात नवऱ्याचं नवं दुकान उभं राहिलं. खापर मात्र तिच्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच.

नवरा निदान टोचून बोलत नाही, यातच ती समाधान मानायची. रद्दीवाल्याकडून जुन्या पुस्तकांची आणि सिनेमांची पोती आणून देण्याचं त्यालाच सुचलं होतं. "ऑनलाइन विक. तुझेही चार पैसे सुटतील," तो म्हणाला होता. तिला ते पैसे साडीसाठी नको होते. लायब्ररी पुन्हा उघडायची होती. उघडली की निदान ते नाव तरी सुटेल.

"जाहिरातीत तू 'वाचलेली पुस्तकं, पाहिलेले सिनेमे' असं लिहिलंयस," बाई म्हणाल्या. "खरं सांग, किती वाचली?"

"मला कुठला वेळ हो वाचायला! धूळ पुसते, फोटो काढते, टाकते."

"तू नाही गं. आगीतून किती वाचली?"

सुनेला हसू आलं. या घरात बऱ्याच दिवसांनी ती हसत होती.

"अहो बाई, वाचलेली म्हणजे वाचून झालेली. जुनी. हा सगळा रद्दीतला माल आहे. लायब्ररीतलं एक चिटोरंसुद्धा उरलं नाही."

"मला मराठी शिकवू नकोस. हे बघ." बाईंनी पुस्तक मधेच उघडलं. छापलेल्या 'पानी'तला 'नी' खोडून कुणीतरी पेन्सिलीने 'णी' केला होता. "हे अक्षर माझं. छापखान्याची चूक दिसली की मला राहवत नाही. लायब्ररीचं पुस्तक असलं तरी."

"म्हणजे तुम्ही आमच्या सभासद?"

"चांगली जुनी. सकाळी येत असे, म्हणून तुला माहीत नाही. हे पुस्तक मी तुझ्या सासूबाईंच्या हातात परत दिलं, आग लागली त्याच दिवशी. पुन्हा वाचावंसं वाटलं म्हणून परवा विकत मागवलं, तर माझंच निघालं! आता बोल."

सुनेने पुस्तक हातात घेतलं. त्या संध्याकाळी गल्ल्यावर तीच होती. एकही सभासद फिरकला नव्हता, म्हणून तर ती निवांत खळ लावत बसली होती. म्हणजे पुस्तक रात्री कपाटातच होतं.

म्हणजे ते वाचलं होतं.

कुणीतरी ढिगाऱ्यातून उचलून रद्दीत घातलं असणार. एक वाचलं तर आणखीही वाचली असतील. सगळंच्या सगळं काही तिने जाळलं नव्हतं! तिचे डोळे भरून आले आणि पदराने पुसूनही थांबेनात.

"रडतेस काय? मी लायब्ररीच्या शिक्क्याच्या पानाबद्दल विचारतेय," बाई खेकसल्या, पण आवाज मघापेक्षा उतरला होता.

"बसा बाई. चहा घेऊनच जा. मी आईंना सांगून येते."

पुस्तक छातीशी धरून ती आत धावली. स्वयंपाकघरात नवरा ताटावर बसला होता, पण त्याचा हात ताटातच थांबला होता. सासूबाई दाराकडे पाठ करून त्याच्यावर वाकल्या होत्या. या घरात त्यांना हळू बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. आज त्या हळू बोलत होत्या.

"कुणाला पत्ता लागू न देता एवढी आग लावलीस, आणि चार पोती लपवता येईनात तुला?"