पायाशी लेकरू

मावशीने पदराने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अगं, हिला लेकरू आहे."

तिच्या आवडत्या चित्रकाराच्या संग्रहालयात मी तिला मुद्दाम आणलं होतं. हेच चित्र जन्मभर तिच्या चुलीवरच्या भिंतीवर होतं. कॅलेंडरवरून कापून चौकटीत बसवलेलं, नदीकाठी एकटीच उभी असलेली बाई. मूल नसलेली मावशी भाकरी थापताना तिला ओवी ऐकवायची, "तू गं एकली, मी गं एकली, दोघींची एकच सावली." इथे मूळ चित्रात मात्र बाईच्या पायाशी, तिचा पदर मुठीत धरून, लेकरू उभं होतं. कॅलेंडरवाल्याने तेवढ्या जागी तारखा छापल्या होत्या.

मावशीने झटकन मान वळवली. वांझेची नजर लागते म्हणून गावातली बारशी तिने अशीच, उंबऱ्याबाहेर, पाळण्याकडे पाठ करून ऐकली होती.

"बघ की गं, चित्रच आहे," मी म्हटलं.

ती हळूच वळली. "बरं झालं बाई," चित्रातल्या बाईला म्हणाली, "तू एकली नव्हतीस." मग लांबूनच लेकरावरून हात ओवाळून तिने कानशिलांवर बोटं मोडली.

"आजी, हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"लावत नाही बाबा. दृष्ट काढते. माझीच लागायची."