उसवलेला शब्द

"नीट उसव," आजी नातीला म्हणाली. "एकेक तुकडा वेगळा कर."

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो लांबलचक इंग्रजी शब्द आजीच्या मुलाला सांगितला, तेव्हा आजी शेजारीच बसली होती. तिला मात्र त्याने सांगितलं, थेंब घालत राहा आई, महिन्याभरात पुन्हा सुईत दोरा ओवशील. तिचा उभा जन्म शिवणकामात गेलेला. कपडा कसा बेतलाय ते कळेना, तर उसवून बघायचा, एवढं तिला ठाऊक होतं. तो शब्द गरम घासासारखा तोंडात घोळवत तिने घरी आणला.

तिच्या तोंडून तो ऐकून नात हसून लोळली. एरवीसबली नाही गं आजी. इर्-रि-व्हर्-सि-ब्ली. जोर मधल्या व्हर्‌वर. आजीने शिलाई मशीनवर बोट आपटत म्हणून पाहिलं. जीभ मोडेल, नात म्हणाली. दात पडले तेव्हा कुणाचं अडलं, आजी म्हणाली, पुढे चल.

नातीने शाळेतल्यासारखं सांगितलं. पुढचं इर् म्हणजे नाही. रिव्हर्स म्हणजे गाडी घेतात ना, तसं माघारी फिरणं. मग त्याला 'होण्याजोगं' जोडायचं आणि शेवटी लीचं शेपूट.

"सगळं शिवून काय झालं?"

"पुन्हा पहिल्यासारखं होणारच नाही, अशा तऱ्हेनं. कशाला हवं होतं गं?"

"एक गिऱ्हाईक म्हणत होतं."

नात खेळायला पळाली. आजीने सुई उचलली, नेढं बोटाने चाचपलं आणि सुई परत सुयांच्या गादीत टोचून ठेवली. लहानपणी खोटं बोलला म्हणून याच मुलाला तिने उपाशी झोपवलं होतं. आता त्याच्या खोट्याला तिलाच अस्तर लावायचं होतं.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. तिने मुकाट्याने थेंब घातले, डोळे मिचकावले आणि भिंतीपाशी दिसणाऱ्या पांढुरक्या आकाराजवळ गेली. भिंतीवरच्या खुंटीला गिऱ्हाइकाचा शर्ट सकाळपासून बटणांची वाट बघत होता, ते तिच्या ध्यानातून गेलं.

"आज बरंच स्पष्ट दिसतंय रे," ती म्हणाली. "शर्ट किती चुरगळलाय तुझा. असाच गावभर हिंडलास का, ध्यान?"

बोलता बोलता तिने बाही सरळ करायला धरली. बाहीत हात नव्हता.

"बरं झालं, आई," मुलगा म्हणाला. तिच्या पाठीमागून.