यादीतले सातवे नाव

यादीतले सातवे नाव वुर्यानीने पट्टी ठेवून सरळ रेषेने खोडले. ते तिचे स्वतःचेच होते.

गावातल्या कुटुंबनियोजनाच्या नोंदी गेली बारा वर्षे तीच ठेवत होती. एकच गर्भनिरोधक साधन पंधरा वर्षे खंड न पाडता वापरणाऱ्या स्त्रीला गावप्रमुखांच्या हस्ते सन्मानचिन्ह मिळे; अशा बायकांची यादीही वुर्यानीच करी. वुर्यानीच्या गोळीला त्याच महिन्यात पंधरा वर्षे पुरी होत होती. सोहळा तीन आठवड्यांवर होता. सासूबाई तुमिराह यांनी त्यासाठी नवी कबाया, म्हणजे समारंभाचा लांब झंपर, शिवून घेतली होती. त्यांनी स्वतः नऊ बाळंतपणे सोसली होती आणि त्यांतली चार मुले पुरली होती. घरातल्या बाईला असा मान मिळणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण काही महिन्यांपूर्वी झालेल्या तपासणीत वुर्यानीच्या गर्भाशयाच्या मुखावर पुढे कर्करोग होऊ शकेल असा पांढरा डाग दिसला होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी तो गोठवून नष्ट केला. जखम भरल्यावर वुर्यानी वही घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेली आणि गोळी बंद करायलाच हवी का, असे तिने विचारले. तसे बंधन नव्हते. मात्र संप्रेरकांची गोळी वर्षानुवर्षे घेतली की या आजाराचा धोका थोडा वाढतो आणि ती सोडल्यावर हळूहळू उतरतो. गर्भाशयात बसवायच्या तांबीत संप्रेरके नसतात, पण पाळीत रक्तस्राव वाढतो आणि पहिले काही महिने पोटात दुखते. वुर्यानी दिवसभर बाटिकच्या मेणाच्या कढईपुढे बसून काम करी. ते दुखणे तिला परवडण्याजोगे नव्हते. पाच दिवस तिने विचार केला आणि काही महिन्यांचे दुखणे त्या आजाराच्या भीतीपेक्षा बरे, असे ठरवले. नवऱ्याने तिच्या निर्णयाला होकार दिला. सहाव्या दिवशी आरोग्य केंद्रात तांबी बसवणारे पथक आले होते. त्यानंतर ते तीन महिन्यांनी येणार होते. ती रांगेत उभी राहिली.

संध्याकाळी तुमिराहनी खोडलेले नाव पाहिले. तांबी आत कोणाला दिसते, असा त्यांचा प्रश्न होता. नाव राहू दिले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

“माझी वही खोटी झाली असती, इबू,” वुर्यानी म्हणाली. सासूला ती इबू, म्हणजे आई, म्हणे. “मग दुसऱ्या बायकांना त्यांचं खरं कोणत्या तोंडानं विचारू?”

“आणि मला कुणी विचारलं, तर मी काय सांगू?”

“जे झालं ते सांगा. लपवण्यासारखं काही नाही त्यात.”

तुमिराह तीन आठवडे तिच्याशी मोजकेच बोलल्या.

सोहळ्याला मात्र त्या नवी कबाया घालून, पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मंचावरून वुर्यानी नावे वाचत होती. आठ बायकांनी सन्मानचिन्हे घेतली, टाळ्या झाल्या आणि गुळाचे सारण भरलेल्या क्लेपोन लाडवांची ताटे फिरू लागली. शेजारच्या कसीनेमबाई आपले चिन्ह ओढणीने पुसत तुमिराहच्या कानाशी झुकून म्हणाल्या, “सुनेचं नाव गळलं वाटतं? गोळी चुकवली की काय तिनं?”

तुमिराहना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा आवाज नेहमीच चढा असे. त्या दिवशी तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“गळलं नाही, तिनंच खोडलं. तपासणी केली, डाग निघाला, तो घालवला. मग चार प्रश्न विचारून, स्वतःच्या डोक्यानं ठरवून गोळी सोडली न् तांबी बसवली. माझी सून आहे ती.”

सभागृहातल्या बायका हातातली ताटे ठेवून त्यांच्याकडे वळल्या. मंचावर वुर्यानीच्या हातातली यादी खाली आली.

तुमिराह कसीनेमबाईंकडे पुरत्या वळल्या. “तुझं पंधरा वर्षांचं झालं. तपासून कधी घेतलंस?”

कसीनेमबाई पुन्हा आपले चिन्ह पुसू लागल्या. पण मागून कोणीतरी विचारले, “वुर्यानी, आरोग्य केंद्र सकाळी किती वाजता उघडतं गं?” आणि पाठोपाठ तोच प्रश्न आणखी तिघींनी विचारला.