खालचा मजला

"ईसीजीतल्या दोन, तीन आणि एव्हीएफ या रेघा हृदयाची कुठली बाजू दाखवतात?"

"पुढची," वल्लरी म्हणाली.

"खालची. अशानं डॉक्टर होणार तू?" द्वारकाबाई फणकारल्या.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नातीचं पाठांतर घेता घेता चौथी शिकलेल्या द्वारकाबाईंना ईसीजी पाठ झाला होता. इंग्रजी अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे येत. मग त्यांनी खुणा ठरवल्या. दोन काठ्या, तीन काठ्या आणि शेवटी एफचं खुंटाळं, हा खालचा मजला. एक ते चार आकडे दर्शनी भिंत. पाच-सहा कडेची.

हे हौसेनं नव्हतं, संतापानं होतं. महिन्यापूर्वी मुलगा उल्हास त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. ईसीजी काढला आणि डॉक्टर म्हणाला, "अम्माजी, आप बाहर बैठिए." मग वीस मिनिटं आत दोघांची खुसफुस. बाहेर येऊन उल्हास म्हणाला, "तुझं नॉर्मल आहे, आई."

नॉर्मल, तर कागद का दाखवत नाहीत? भाजीतलं मीठ कुणापायी गेलं? लोणच्याची बरणी उचलून ठेवताना सुनेचे डोळे का भरतात?

आज सुनेच्या कपाटात, साड्यांखाली, तो दुमडलेला कागद सापडला होता.

"वल्लरी, टोक वर जाण्याआधीच रेघ खोल खड्ड्यात गेली तर?"

"तेवढा भाग मेलाय. जुना झटका. का गं?"

तेवढ्यात उल्हास आला आणि सोफ्यावर कोसळला.

"बावन्नाव्या वर्षी दोन जिने चढून धापा टाकतोस. माझ्या वयाला काय करशील?"

"ऊन आहे, आई."

द्वारकाबाईंनी कागद टेबलावर आपटला. "दोन काठ्या, तीन काठ्या, खुंटाळं. तिन्हीकडे खड्डे. मरण माझं आणि गुपित तुमचं? कुकुलं बाळ समजता का मला?"

स्वयंपाकघराच्या दारात सून, शालिनी, थबकली. वल्लरीनं पुस्तक मिटलं.

"आई, दे तो इकडे," उल्हास हळूच म्हणाला.

"हात लावायचा नाही. माझा कागद आहे."

त्यांनी वरची दुमड उलगडली, तळहातानं ठसक्यात सपाट केली. इंग्रजीतलं नाव त्यांना वाचता आलं नाही. त्याच्या शेजारचा वयाचा आकडा आला.

बावन्न.