हेल्मीचा अर्धा पासवर्ड

आमच्या इस्पितळात डायलिसिसच्या नोंदी कुलूपबंद असत. सर्व्हर बंद पडलाच तर म्हणून डेटाबेसमधून काढून ठेवलेल्या फायली उघडायच्या, तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि मग पासवर्ड. अर्धा मला ठाऊक, उरलेला फक्त माझी सहकारी हेल्मी हिला. एकजण टाइप करत असताना दुसऱ्याने खिडकीकडे तोंड करायचं, हा शिरस्ता. स्वतःचा भाग संपला की हेल्मी म्हणायची, "झालं, वळ आता."

हेल्मी नाताळात वारली. एप्रिलमध्ये सर्व्हर बसला.

"वेन, माणसं खुर्चीत येऊन बसलीयेत," नर्स डार्लीन स्पीकरवरून ओरडली. "कुणाला कुठलं औषध चालत नाही, तेच कळेना. कर की काहीतरी, बाबा!"

खोलीत मी एकटाच. आज्ञा दिली, माझा अर्धा पासवर्ड घातला. पुढे सुचेना, म्हणून सवयीने खिडकीकडे वळलो. बाहेर सरोवरावरचा बर्फ फुटत होता.

मागे कीबोर्ड वाजू लागला. संथ, दोन बोटांनी, हेल्मी वाजवायची तसाच. मग एंटर.

"उघडल्या रे!" डार्लीन हसत होती की रडत, कळेना. "सगळ्या दिसतायत इथे! डोनटचा अख्खा खोका तुला!"

माझाही जीव भांड्यात पडला. खरंच पडला.

पण मी अजून खिडकीकडेच तोंड करून उभा आहे. मागची खुर्ची आत्ताच करकरली, आणि "वळ आता" असं अजून कुणी म्हणालेलं नाही.