दिसतंय, उतरा

गुडघे दुखत असले तरी धाऊ रोज बातम्यांच्या वेळेला कौलांवर चढून अँटेना फिरवायचा. "दिसतंय, उतरा आता," देवकी आतून हाक मारायची. तो खाली येईपर्यंत पडद्यावर पुन्हा मुंग्याच. मग तो वाऱ्याला शिव्या घालायचा.

यंदा वाशिंदला कामाला जाणाऱ्या लेकानं अंगणात डिजिटलची छत्री बसवली आणि चित्र लख्ख आलं. धाऊ समाधानानं खाटेवर टेकला.

"सुटलो. आता वाऱ्याची कटकट नाय."

"वाऱ्याचा काय दोष?" देवकी हसली. "चित्र तवा पण नव्हतंच. मागं एकदा घसरलात ना, तवापासनं तुमी वर चढलात की माझा जीव थाऱ्यावर नसायचा. लवकर खाली यावं, म्हणून म्हणायची मी."